निरोगी माणसांच्या रक्तातली जनुक-अभिव्यक्ती काळानुसार कशी बदलते, हे मोजायचं कसं

एका निरोगी माणसाचं रक्त सोमवारी सकाळी आठला घेतलं आणि गुरुवारी दुपारी तीनला पुन्हा घेतलं. मधल्या काळात त्याला काहीही झालेलं नाही. तरी दोन्ही नमुन्यांतल्या कितीतरी जनुकांच्या अभिव्यक्तीचे, म्हणजे जनुक किती आरएनए बनवतंय याचे, आकडे वेगळे येतात. हा फरक शरीरातल्या घड्याळाचा, पेशींच्या बदललेल्या प्रमाणाचा, की नळी टेबलावर तासभर पडून राहिल्याचा? याचं उत्तर हाताशी नसेल, तर पुढे औषधाचा किंवा आजाराचा परिणाम म्हणून दाखवलेल्या यादीवर विसंबता येत नाही. हे फरक एकमेकांपासून सुटे करता येतील असा अभ्यास कसा आखायचा, रक्त कसं घ्यायचं आणि आकडे कसे वाचायचे, ते पुढे दिलं आहे.

आधी काळाचं माप ठरवा

‘काळानुसार बदल’ असं नुसतं म्हणून भागत नाही. तासांचा बदल, आठवड्यांचा बदल आणि ऋतूंचा बदल हे तीन वेगळे प्रश्न आहेत. एकाच आराखड्यात तिन्ही बसवायला गेलं की एकाचंही धड उत्तर मिळत नाही.

दिवसभराचा बदल हवा असेल तर २४ तासांत निदान सहा नमुने, म्हणजे दर चार तासांनी एक, इतकं तरी हवंच. सकाळी आठ आणि रात्री आठ असे दोनच नमुने घेण्याचा मोह टाळा. एखादं जनुक दुपारी दोनला शिखरावर आणि रात्री दोनला तळाला असेल, तर आठ आणि आठ या दोन्ही वेळी ते बरोबर मध्यावर असतं. दोन्ही आकडे सारखे येतात आणि जनुकाला लय नाही असा निष्कर्ष निघतो. लय मात्र असते, आपण चुकीच्या वेळी पाहिलेलं असतं.

आठवडे-महिन्यांचा बदल हवा असेल तर उलट करायचं. दिवसाची वेळ गोठवायची. प्रत्येकाचं रक्त सकाळी ८ ते ९.३० या वेळेत, आणि एकाच माणसाच्या बाबतीत शक्य तितक्या त्याच वेळी. प्रत्येकाचे चार ते सहा नमुने, दोन-चार आठवड्यांच्या अंतराने.

ऋतूंसाठी किमान पूर्ण वर्ष लागतं, दोन वर्षं मिळाली तर फारच चांगलं. इथे सगळे स्वयंसेवक एकाच महिन्यात भरती करू नका. सगळ्यांचा पहिला नमुना जानेवारीत असेल तर ऋतू, अभ्यासातला दिवस आणि रसायनांचा लॉट (एका वेळी बनवलेली खेप) हे तिन्ही एकाच रेषेत सरकतात आणि नंतर कोणतंही गणित त्यांना वेगळं करू शकत नाही. भरती वर्षभर पसरवा. ऋतूचा परिणाम किरकोळ समजू नका. २०१५ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासात पांढऱ्या पेशींमधल्या ४,००० हून जास्त जनुकांची अभिव्यक्ती ऋतूनुसार बदलताना दिसली. युरोपातल्या नमुन्यांत हिवाळ्यात दाहाशी निगडित जनुकं वर होती आणि ऑस्ट्रेलियातल्या नमुन्यांत महिने उलटे झाले होते. म्हणून नोंदवहीत नुसता महिना लिहून चालत नाही, जागाही लिहावी लागते.

माणसं जास्त घ्यावीत की एकेकाचे नमुने जास्त घ्यावेत? ‘काळानुसार बदल’ हाच प्रश्न असेल तर प्रत्येकाचे किमान तीन नमुने हवेत. दोन नमुन्यांवरून फरक कळतो, पण हा फरक नेहमीचा की त्या दिवसापुरता, ते कळत नाही. वीस माणसांचे पाच-पाच नमुने हे पन्नास माणसांच्या दोन-दोन नमुन्यांपेक्षा या कामासाठी बरे.

रक्त म्हणजे मिश्रण, हे विसरायचं नाही

या विषयात सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून बघू.

संपूर्ण रक्तातून काढलेला आरएनए न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट, इओसिनोफिल, बेसोफिल (या पाच प्रकारच्या पांढऱ्या पेशी), प्लेटलेट आणि रेटिक्युलोसाइट (नुकत्याच तयार झालेल्या लाल पेशी) या सगळ्यांचा मिळून असतो. समजा एका माणसाचे लिम्फोसाइट सकाळी ३०% होते आणि दुसऱ्या दिवशी २४% झाले. एकाही पेशीने आपल्या जनुकांचं काम तसूभरही बदललं नाही, तरी लिम्फोसाइटपुरत्या मर्यादित जनुकांचा आकडा ढोबळमानाने २०% खाली येईल, म्हणजे लॉग-२ मापावर (जिथे १ म्हणजे दुप्पट फरक) सुमारे ०.३२. शंभर-दोनशे जनुकं एका सुरात खाली गेलेली दिसतील आणि पाथवे-विश्लेषण, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या जनुकांच्या गटांची तपासणी, ‘टी-पेशींचं संदेशवहन मंदावलं’ असं ठामपणे सांगेल. प्रत्यक्षात टी-पेशी (लिम्फोसाइटचा एक प्रकार) रक्तातून लसिका ग्रंथींकडे गेल्या, एवढंच घडलेलं असतं. हे रोज घडतं. रक्तातले लिम्फोसाइट रात्री वाढतात, सकाळी कॉर्टिसोल हे संप्रेरक चढतं तसे उतरतात.

२००३ साली स्टॅनफर्डच्या गटाने ७५ निरोगी स्वयंसेवकांच्या रक्तावर केलेल्या कामातही हेच पुढे आलं होतं: फरकाचा मोठा वाटा पेशींच्या प्रमाणाचा, आणि त्यापाठोपाठ लिंग, वय आणि रक्त घेतल्याची वेळ.

यावर उपाय साधा आहे आणि तो नंतर करता येत नाही. प्रत्येक वेळी, त्याच टोचणीत, ईडीटीएची (रक्त गोठू न देणारी) एक नळी जास्त भरा आणि पाच प्रकारच्या पांढऱ्या पेशींची मोजणी (सीबीसी) करून घ्या. रेटिक्युलोसाइटची मोजणी जमली तर तीही करा. टी, बी आणि एनके हे लिम्फोसाइटचे प्रकार सीबीसीमध्ये वेगळे दिसत नाहीत, त्यांना फ्लो सायटोमेट्री (खुणांवरून एकेक पेशी ओळखणारी तपासणी) लागते. पैसे सगळ्या नमुन्यांना पुरत नसतील तर निम्म्या स्वयंसेवकांच्या सगळ्या नमुन्यांवर करा, सगळ्यांच्या एकाच नमुन्यावर करू नका. संगणकाने जनुकांच्या आकड्यांवरून पेशींचं प्रमाण काढणाऱ्या पद्धती आहेत, पण त्या ज्या आकड्यांवर चालतात तेच आकडे नंतर आपण दुरुस्त करणार असतो. मोजलेलं प्रमाण हाती असेल तर तेच वापरावं.

आणखी एक सापळा रेटिक्युलोसाइटचा. रक्त वारंवार घेत राहिलं की अस्थिमज्जा नव्या लाल पेशी जास्त सोडते. मग ग्लोबिन, एएलएएस२ यांसारखी लाल पेशींची जनुकं अभ्यासाच्या अखेरीस हळूहळू चढलेली दिसतात. हा बदल खरा असतो, पण तो काळाचा नसतो, आपल्या सुईचा असतो. म्हणून एका भेटीत किती रक्त जातं याचा हिशेब आधीच मांडा. आरएनएसाठी २.५ मिली, सीबीसीसाठी ३ मिली, टाकून द्यायची नळी २ मिली धरली तर ७.५ मिली. चोवीस तासांत सात नमुने घेतले तर ५२.५ मिली. आचारसमितीच्या अर्जातही हाच हिशेब लागतो.

स्वयंसेवकाला काय सांगायचं, काय विचारायचं

आदल्या रात्रीपासून आठ ते दहा तास उपाशी, पाणी चालेल. ४८ तास जोराचा व्यायाम नको. व्यायामाने काही मिनिटांत एनके पेशी आणि लिम्फोसाइट रक्तात उसळतात, थांबल्यावर तासा-दोन तासांत नेहमीपेक्षा खाली जातात, आणि न्यूट्रोफिल मात्र कित्येक तास वर राहतात. धावत जिना चढून आलेल्या माणसाची नस लगेच शोधू नका. त्याला २० मिनिटं खुर्चीत बसवा, आणि हे सगळ्यांसाठी सारखं ठेवा.

झोपेची नोंद फार महत्त्वाची. सरे विद्यापीठाच्या २०१३ सालच्या प्रयोगात २६ जणांना आठवडाभर कमी झोप मिळाली, रोज सरासरी ५.७ तास. त्यांच्या रक्तातल्या ७११ जनुकांची अभिव्यक्ती बदलली आणि दैनिक लय दाखवणाऱ्या जनुकांची संख्या १,८५५ वरून १,४८१ वर आली. म्हणून आदल्या तीन रात्री कधी झोपला, कधी उठला, हे विचाराच. घड्याळातली वेळ आणि उठल्यापासूनचे तास, दोन्ही नोंदवा. रात्रपाळी करणारे लोक या अभ्यासात घेऊ नयेत, किंवा त्यांचा वेगळा गट करावा. तीनाहून जास्त टाइम झोन ओलांडून आलेल्याला दोन आठवडे थांबवा.

बाकीची प्रश्नावली एका पानात मावते: गेल्या दोन आठवड्यांत ताप, सर्दी, घसा, जुलाब, गेल्या चार आठवड्यांत लस, घेतलेली प्रत्येक गोळी, इन्हेलर आणि मलमसुद्धा, तंबाखू, मासिक पाळीचा दिवस आणि संततिनियमनाच्या गोळ्या, रक्तदान, ॲलर्जीचा त्रास. स्टेरॉइडबद्दल नाव घेऊन विचारा, कारण अनेकांना आपल्या सांधेदुखीच्या इंजेक्शनात किंवा त्वचेच्या मलमात ते असतं हे ठाऊक नसतं. रक्तात एफकेबीपी५ आणि टीएससी२२डी३ ही स्टेरॉइडने वाढणारी जनुकं दोन्ही एकदम उंच दिसली आणि लिम्फोसाइट कमी असले, तर प्रश्नावली पुन्हा उघडून पाहा. तंबाखूबद्दलचं उत्तरही रक्तातून ताडता येतं: धूम्रपान करणाऱ्यांत जीपीआर१५ आणि एलआरआरएन३ ही जनुकं वर असतात.

रक्त घेणं

आरएनए लगेच स्थिर करणारी नळीच वापरा. पॅक्सजीन नळीत ६.९ मिली द्रव असतं आणि ती २.५ मिली रक्त ओढते. टेम्पस नळीत ६ मिली द्रव आणि ३ मिली रक्त. दोन्ही चांगल्या आहेत. पण एका अभ्यासात एकच. दोन्ही नळ्यांमधून येणारे आकडे पद्धतशीरपणे वेगळे असतात आणि अर्ध्या वाटेत नळी बदलणं म्हणजे अभ्यासाचे दोन तुकडे करणं.

ईडीटीएच्या नळीत रक्त घेऊन नंतर सवडीने आरएनए काढू, असं करू नका. नळीतल्या पेशी जिवंत असतात. थंडावा, काच-प्लास्टिकचा स्पर्श, बदललेला ऑक्सिजन या सगळ्याला त्या उत्तर देतात. फॉस, जुन, सीएक्ससीएल८ यांसारखी जनुकं काही तासांत वर चढतात. सकाळच्या नमुन्याला प्रयोगशाळेत पोचायला तास लागला आणि संध्याकाळच्या नमुन्याला चार, तर ‘संध्याकाळी दाह वाढतो’ असा शोध लागेल. घनतेच्या द्रवावर पेशी वेगळ्या करून मग आरएनए काढायचा असेल तरी हाच धोका आहे. तिथे रक्त घेतल्यापासून पेशी विरघळवेपर्यंतची मिनिटं प्रत्येक नमुन्याला सारखी ठेवावी लागतात.

पॅक्सजीनसाठी क्रम असा:

१. नळ्या आधी १८ ते २५ अंश सेल्सियसला आणून ठेवा. मुदत तपासा, लॉट क्रमांक लिहा. पूर्ण अभ्यासाला पुरतील इतक्या एकाच लॉटच्या नळ्या मिळाल्या तर उत्तम. पण मुदत अभ्यासापेक्षा आधी संपत नाही ना, ते पाहा.

२. ही नळी शेवटी भरा. एकटीच भरायची असेल तर आधी एक टाकून द्यायची नळी भरा, म्हणजे सुईच्या रबरी नळीतली हवा जाते आणि २.५ मिलीचं माप चुकत नाही.

३. नळी उभी आणि हाताच्या पातळीच्या खाली धरा. आतलं द्रव उलट नसेत जाता कामा नये.

४. रक्त येणं थांबेपर्यंत, साधारण दहा सेकंद, धीर धरा. अर्धवट भरलेल्या नळीत रक्त आणि द्रवाचं गुणोत्तर बिघडतं आणि आरएनएही कमी निघतो.

५. लगेच ८ ते १० वेळा हळूवार उलटीपालटी करा. हे विसरलं तर तळाशी गुठळी होते आणि तो नमुना गेलाच समजा. टेम्पस नळी मात्र १० सेकंद जोरात हलवायची असते. एका पद्धतीची सवय दुसरीकडे नेऊ नका.

६. खोलीच्या तापमानाला किमान दोन तास उभी ठेवा. रात्रभर ठेवणं जास्त चांगलं. सगळ्या नमुन्यांना सारखाच वेळ द्या.

७. मग उणे २० अंशांवर तारेच्या उघड्या रॅकमध्ये २४ तास, त्यानंतर उणे ७० किंवा उणे ८०. थर्मोकोलच्या रॅकमध्ये गोठवू नका, नळ्या तडकतात.

न गोठवता ठेवायची मर्यादा खोलीच्या तापमानाला तीन दिवस आणि २ ते ८ अंशांवर पाच दिवस. ही मर्यादा आहे, वापरायची मुभा नव्हे. काही नळ्या तीन तास आणि काही तीन दिवस बाहेर राहिल्या तर त्याचा ठसा आकड्यांत उमटतो. त्यामुळे रक्त घेतल्याची वेळ आणि फ्रीझरमध्ये ठेवल्याची वेळ, दोन्ही मिनिटासह लिहा.

चोवीस तासांच्या अभ्यासात दर वेळी टोचण्याऐवजी कॅन्युला लावतात. ते माणसाच्या दृष्टीने बरं, पण कॅन्युला बराच काळ राहिली की त्या जागेहून घेतलेल्या रक्तात आयएल-६ हे दाहाचं संदेशवाहक प्रथिन वाढलेलं आढळतं. शेवटच्या नमुन्याच्या वेळी दुसऱ्या हातातून सुईने एक जोडनमुना घ्या. स्थानिक दाहाचा वाटा किती, ते त्यातून कळतं. कॅन्युला खुली ठेवायला हेपरिन नको, साधं सलाइन वापरा. हेपरिन पीसीआर बिघडवतं.

आरएनए काढणं आणि प्लेटची मांडणी

गोठलेल्या नळ्या खोलीच्या तापमानाला पूर्ण वितळू द्या, दोन तास तरी. मग ३,००० ते ५,००० जी (गुरुत्वाच्या पटीत) वर १० मिनिटं सेंट्रिफ्यूज करा, वरचं द्रव ओता, ४ मिली आरएनेझमुक्त पाण्यात गोळा पूर्ण विरघळवून पुन्हा फिरवा. पहिल्यांदा ओतल्यावर नळीच्या कडेला राहिलेले थेंब टिपून घ्या. ते राहिले तर पुढच्या पायरीतलं मिश्रण पातळ होतं आणि स्तंभाला (आरएनए धरून ठेवणाऱ्या गाळणीला) आरएनए नीट चिकटत नाही. गोळा सैल असतो, ओतताना नजर त्याच्यावर हवी. स्तंभावर १५ मिनिटांची डीएनेझची (डीएनए तोडणाऱ्या विकराची) पायरी वगळू नका, नाहीतर जीनोमिक डीएनए इंट्रॉनमधल्या (जनुकाच्या, तयार आरएनएत न उरणाऱ्या भागांमधल्या) रीड्सच्या, म्हणजे सिक्वेन्सिंगने वाचलेल्या तुकड्यांच्या, रूपाने परत भेटतो.

एका नळीतून साधारण ३ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आरएनए मिळायला हवा. २६०/२८० गुणोत्तर (शुद्धतेचं माप) १.८ ते २.२, आरआयएन (आरएनए किती अखंड आहे याचा गुण) ७ च्या वर. आरआयएन ६.५ आलेला नमुना फेकण्यापेक्षा त्याच माणसाचे बाकीचे नमुने कसे आहेत ते बघा. सगळे ८.५ आणि एकच ६.५ असेल, तर त्या माणसाच्या ‘काळानुसार बदला’त तो एकटाच उठून दिसेल. असा नमुना राखीव नळीतून पुन्हा काढा. म्हणून प्रत्येक भेटीत दोन नळ्या भराव्यात, हा आमचा आग्रह. फक्त वरच्या हिशेबात ते जास्तीचे २.५ मिली धरायला विसरू नका.

संपूर्ण रक्ताच्या एमआरएनएपैकी ७० टक्क्यांपर्यंत भाग नुसता ग्लोबिनचा असू शकतो. तो न काढता सिक्वेन्सिंग केलं तर बहुतेक पैसे एचबीए१, एचबीए२ आणि एचबीबी ही ग्लोबिनचीच जनुकं वाचण्यात जातात. लायब्ररी (सिक्वेन्सिंगसाठी तयार केलेला तुकड्यांचा संच) करताना आरआरएनए (रायबोसोमचा आरएनए) आणि ग्लोबिन दोन्ही एकत्र काढणारे संच मिळतात, ते वापरा. ग्लोबिन सगळ्या नमुन्यांतून सारख्या प्रमाणात निघत नाही. उरलेला टक्का प्रत्येक नमुन्यासाठी मोजून ठेवा, पुढे लागतो.

आता मांडणी. एका माणसाचे सगळे नमुने एकाच दिवशी काढा, एकाच प्लेटवर (अनेक खणांच्या ताटलीत) ठेवा, एकाच रनमध्ये वाचा. आपल्याला त्या माणसाच्या आतला फरक हवा आहे, त्यामुळे प्लेटचा फरक त्याच्या आत शिरता कामा नये. प्लेटवरच्या जागा मात्र चिठ्ठ्या टाकून ठरवा. पहिली भेट डावीकडे आणि शेवटची उजवीकडे अशी ओळीने मांडणी केली की प्लेटच्या कडांचा परिणाम थेट काळाचा परिणाम बनतो. प्रत्येक प्लेटवर एकाच मोठ्या साठ्यातला संदर्भ आरएनए दोन खणांत ठेवा. शिवाय दहापैकी एका नमुन्याचा आरएनए दोनदा लायब्ररीपासून चालवा. तंत्राचा गोंगाट किती, हे कळायला दुसरा मार्ग नाही, आणि पुढचं सगळं गणित त्याच आकड्यावर उभं आहे.

वाचन आणि पहिली तपासणी

ग्लोबिन काढल्यावर दोन ते तीन कोटी रीड-जोड्या बहुतेक कामांना पुरतात. जीआरसीएच३८ या मानवी संदर्भ जीनोमवर जुळवा, मोजा, मग ग्लोबिनची जनुकं मोजणीतून वगळून नॉर्मलायझेशन (नमुने एकमेकांशी तुलना करण्याजोगे करणं) करा. ती आत ठेवली तर एका नमुन्यात ग्लोबिन वाढलं की बाकीची सगळी जनुकं दाबली जातात.

लगेच दोन गोष्टी पाहा. पहिली, लिंग. एक्सआयएसटी हे जनुक स्त्रियांत आणि आरपीएस४वाय१, डीडीएक्स३वाय ही पुरुषांत दिसतात, यात सरमिसळ दिसली तर नळ्यांची अदलाबदल झाली आहे. पण दोन स्त्रियांच्या नळ्या बदलल्या तर हे सापडत नाही. त्यासाठी दुसरी तपासणी: आरएनएच्या रीड्समधूनच सर्वसामान्य एसएनपी (माणसागणिक बदलणारी डीएनएतली एकेक अक्षरं) वाचा आणि नमुने एकमेकांशी जुळवा. एकाच माणसाचे नमुने जवळपास सगळ्या जागी जुळतात, दोन वेगळ्या माणसांचे जुळत नाहीत. दीर्घकालीन अभ्यासात एक अदलाबदलसुद्धा महागात पडते, कारण ती दोन्ही माणसांत खोटा, मोठा आणि पटण्याजोगा बदल निर्माण करते.

त्यानंतर पीसीए, म्हणजे नमुने सगळ्यात मोठ्या फरकांच्या अक्षांवर मांडून पाहणं. पहिल्या अक्षावर नमुने न्यूट्रोफिलच्या टक्क्यानुसार पसरलेले दिसले तर दचकू नका, ते अपेक्षित आहे. ते प्लेटनुसार किंवा आरआयएननुसार पसरले असतील, तर पुढे जाऊ नका.

सिक्वेन्सिंगऐवजी मोजक्या जनुकांसाठी क्यूपीसीआर करायचं असेल तर संदर्भ जनुक (स्थिर मानून ज्याच्याशी बाकीची तोलायची ते) आधी तपासा. जीएपीडीएच सवयीने घेतलं जातं. तुमच्याच नमुन्यांत ते न्यूट्रोफिल किंवा रेटिक्युलोसाइटच्या टक्क्याबरोबर हलत नाही ना, ते बघा. एकापेक्षा तीन संदर्भ जनुकांची भौमितिक सरासरी नेहमीच जास्त स्थिर.

गणित

प्रत्येक जनुकासाठी व्हेरियन्स (आकडे किती विखुरलेत याचं माप) तीन भागांत वाटायचा: माणसा-माणसांतला, एकाच माणसाच्या आतला आणि तंत्राचा. लॉग-२ आकड्यांवर मिश्र मॉडेल (ठरावीक आणि यादृच्छिक दोन्ही घटक असलेलं) बसवा, माणूस हा यादृच्छिक घटक, आणि दोनदा चालवलेल्या नमुन्यांवरून तंत्राचा वाटा. आर भाषेतलं व्हेरियन्सपार्टिशन हे पॅकेज याच कामासाठी आहे. डीसेक२ या दुसऱ्या पॅकेजमध्ये यादृच्छिक घटक घालता येत नाही. तिथे माणसाला साधा घटक म्हणून घालून फक्त माणसाच्या आतले फरक विचारता येतात.

समजा एका जनुकाचे तीन भाग ०.०९, ०.०४ आणि ०.०१ आले. माणसाचा वाटा ०.०९ भागिले ०.१४, म्हणजे ०.६४. एका नमुन्यावरून माणसाची ओळख बऱ्यापैकी पटते, पुरेशी नाही. तीन नमुन्यांची सरासरी घेतली तर आतला भाग ०.०५ वरून ०.०१७ वर येतो आणि तोच वाटा ०.८४ होतो. प्रत्येकाचे किती नमुने घ्यायचे, हे अशा हिशेबावर ठरवावं.

याच आकड्यांतून आणखी एक उपयोगी गोष्ट निघते. क्लिनिकल केमिस्ट्रीत एकाच माणसाच्या दोन निकालांतला फरक किती असला म्हणजे तो नेहमीच्या हेलकाव्यापलीकडचा मानायचा, याचं सूत्र वापरतात: २.७७ गुणिले आतल्या आणि तंत्राच्या व्हेरियन्सच्या बेरजेचं वर्गमूळ. इथे ते २.७७ गुणिले ०.२२४, म्हणजे ०.६२ लॉग-२, सुमारे १.५४ पट. या जनुकात एका माणसाचा आकडा १.३ पट झाला तर त्याला बदल म्हणायचं नाही. हा उंबरठा प्रत्येक जनुकाचा वेगळा असतो, म्हणूनच सगळ्या जनुकांना सरसकट ‘दुप्पट’ ही रेघ लावणं आम्हाला पटत नाही. स्थिर जनुकातला खरा बदल त्यात निसटतो आणि चंचल जनुकातला फुसका बदल आत येतो.

दैनिक लयीसाठी मॉडेलमध्ये घड्याळाच्या वेळेची कोसाइन आणि साइन अशी दोन पदं २४ तासांच्या आवर्तनाने घाला. दोन्ही गुणकांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ म्हणजे आंदोलनाची उंची. दोन्ही पदं एकत्र तपासा, वेगवेगळी नाहीत. ऋतूसाठी हेच ३६५ दिवसांच्या आवर्तनाने. आपली पद्धत चालते का, हे पाहायला पीईआर१, पीईआर३ आणि एनआर१डी२ या शरीरातल्या घड्याळाच्या जनुकांकडे आधी बघा. रक्तात यांची लय स्पष्ट असते. ती दिसत नसेल तर नमुन्यांच्या वेळांची नोंद चुकली असण्याची शक्यता जास्त.

पेशींचं प्रमाण मॉडेलमध्ये घालायचं की नाही, यावर बरेच वाद होतात. आमच्या मते दोन्ही मॉडेलं चालवावीत आणि दोन्ही निकाल द्यावेत. पेशींशिवायचं मॉडेल सांगतं की रक्तात काय बदललं. पेशींसह मॉडेल सांगतं की प्रमाण सारखं धरल्यावर काय उरतं. हिवाळ्यात मोनोसाइट खरोखरच वाढत असतील तर पेशींसह मॉडेल ऋतूचा तो खरा भाग पुसून टाकतं. त्यामुळे फक्त दुसरं मॉडेल दाखवणं हेही अर्धंच सांगणं आहे. पाचही टक्के एकदम घालू नका. त्यांची बेरीज १०० असते, मॉडेल अडतं. न्यूट्रोफिल पाया म्हणून बाहेर ठेवा.

शेवटी हजारो जनुकांच्या चाचण्यांसाठी बेन्जामिनी-हॉकबर्ग दुरुस्ती (खोट्या शोधांचं प्रमाण आवरणारी), आणि त्याआधी फार कमी मोजणी असलेली जनुकं बाजूला. एका दशलक्षात एक रीड, निदान एक पंचमांश नमुन्यांत, ही चाळणी ठीक चालते.

काय दिसलं म्हणजे सगळं जागेवर आहे

माणसागणिक वेगळी पण काळानुसार जवळजवळ न हलणारी जनुकं प्रत्येक चांगल्या अभ्यासात दिसतात. वाय गुणसूत्रावरची तर असतातच. शिवाय जीएसटीएम१, जे अनेकांच्या जीनोममध्ये मुळात नसतंच, ईआरएपी२ आणि एचएलए-डीक्यूए१. एचएलए या प्रतिकारशक्तीच्या जनुकगटाच्या बाबतीत थोडं सावध राहा. हा भाग माणसागणिक इतका वेगळा असतो की ज्याचा एचएलए संदर्भ जीनोमशी जुळत नाही त्याच्या रीड्स नीट बसत नाहीत आणि आकडा कमी दिसतो. माणसाच्या आतली स्थिरता खरी, माणसांमधला फरक अंशतः जुळवणीचा.

दुसऱ्या टोकाला, एकाच माणसात सगळ्यात जास्त हलणारी जनुकं बहुधा तीन टोळ्यांत येतात. लाल पेशींची (एएलएएस२ आणि सोबती), प्लेटलेटची (पीएफ४, पीपीबीपी) आणि इंटरफेरॉनची, म्हणजे विषाणूविरोधी संदेशाने चालू होणारी. पहिल्या दोन टोळ्या बहुतेक वेळा पेशींची संख्या आणि रक्त घेण्याची पद्धत सांगतात. तिसरी वेगळी आहे.

आयएफआय४४एल, आयएफआयटी३, आरएसएडी२, आयएसजी१५ ही या तिसऱ्या टोळीतली जनुकं एखाद्या नमुन्यात कितीतरी पट उंच उडतात आणि पुढच्या भेटीत जागेवर येतात. प्रश्नावलीत त्या आठवड्यात काहीच नोंद नसते. बहुतेक वेळा हा विषाणूचा संसर्ग असतो, कधी लक्षणं येण्याआधीचा, कधी लक्षणं न येताच संपलेला, तर कधी नुकत्याच घेतलेल्या लशीचा प्रतिसाद. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, स्टॅनफर्डच्या मायकेल स्नायडर यांनी स्वतःच्याच रक्तावर १४ महिने केलेल्या अभ्यासात दोन विषाणूसंसर्ग टिपले गेले होते. असा नमुना दिसला की आधी एसएनपी तपासून तो त्याच माणसाचा आहे याची खात्री करा, मग सीबीसीमध्ये लिम्फोसाइट-मोनोसाइटचं प्रमाण पाहा, मग माणसाला फोन करून पुढच्या तीन-चार दिवसांत सर्दी झाली होती का ते विचारा. पुढच्या भेटीत याच टोळीतलं आयएफआय२७ अजून वर असेल आणि बाकीची उतरली असतील तर संसर्गाच्या बाजूने पुरावा भक्कम होतो, कारण ते उशिरापर्यंत रेंगाळतं.

हा नमुना विसंगत म्हणून काढून टाकू नका. निरोगी माणसांच्या वर्षभराच्या आयुष्यात असे दिवस येतातच, आणि तुलनेसाठी तुम्ही देणार असलेल्या ‘निरोगी’ मर्यादेत ते दिवस नसतील तर पुढचा संशोधक कुणाच्यातरी साध्या सर्दीला आजार म्हणेल. दोन तक्ते द्या: एकात सगळे नमुने, दुसऱ्यात इंटरफेरॉनचा गुण (या टोळीतल्या जनुकांची एकत्रित पातळी) ठरलेल्या रेघेच्या वर गेलेले नमुने वगळून. ती रेघ मात्र आकडे पाहण्याआधी ठरवा आणि आराखड्यात तारखेसह लिहून ठेवा.